कुंपण की विष?
शेताला कुंपण घालणे कुणी गैर मानत नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली चित्रकारांना ‘ग्लेझ’ नावाचे असेच कुंपण दिले. चित्रात डोळ्यांना जेमतेम जाणवणारे बदल होतात, पण यंत्राला शैली भलतीच दिसते. २०२४ साली आलेले ‘नाइटशेड’ तर न विचारता चित्रे उचलून शिकणाऱ्या यंत्राला चुकीचेच शिकवते. ही फसवणूक नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. चित्रकार हे विष कुणाच्या घरी नेऊन देत नाही. उचलणाऱ्यालाच ते बाधते. मात्र २०२५ मध्ये ही कवचे उतरवण्याची रीतही संशोधकांनी दाखवली. कुंपण कायमचे टिकत नाही. मग राखण उरते ती आमच्या नियतीवर. अंकाचे मुखपृष्ठ यंत्राकडून फुकटात काढून घेताना, ते कुणाचे हात पाहून शिकले, हे आम्ही विचारतो का?