कवटी आणि सफरचंद

स्मशानांत आलेलें वैराग्य घराचा उंबरठा ओलांडतांच ओसरतें, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. सतराव्या शतकांतील युरोपीय चित्रकार विझलेल्या मेणबत्तीजवळ कवटी मांडीत, ती जग तुच्छ आहे हें मनावर बिंबविण्यासाठीं. पॉल सेझान (१८३९–१९०६) या फ्रेंच चित्रकाराच्या १९०१ च्या सुमाराच्या एका चित्रांत मात्र चार कवट्याच अगदीं समोर रचिलेल्या आहेत. मेणबत्ती नाहीं, उपदेशही नाहीं. सफरचंदांची गोलाई व छाया त्यानें ज्या एकाग्रतेनें रंगविली, त्याच एकाग्रतेनें कवट्यांचीही रंगविली.

मनुष्याचें मस्तक फळांच्या पंक्तीस बसविणें ही निष्ठुरता नव्हे काय? मलाही प्रथम तसेंच वाटलें. परंतु निष्ठुर मनुष्य पाहण्याचे कष्ट घेत नाहीं. तो तोंड फिरवितो. सेझानची आई १८९७ सालीं वारली होती आणि तो स्वतः मधुमेहानें पीडित होता. तरी त्यानें मरणाकडे पाठ केली नाहीं, व मरणाच्या धाकानें जगाकडेही केली नाहीं. १९०६ च्या ऑक्टोबरांत उघड्यावर चित्र काढतांना तो वादळी पावसांत सांपडला आणि थोड्याच दिवसांत निवर्तला. वस्तु नश्वर आहे म्हणून ती तुच्छ ठरत नाहीं. ती आहे तोंवर नीट पाहून घेणें हें आपलें कर्तव्य आहे, असें मला या चित्रापुढें वाटतें. हा बोध घरीं परतल्यावरही टिकावा.