अर्धा मासा

2018च्या जुलैमधला तो व्हिडिओ कदाचित तुम्हीही पाहिला असेल. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सॅलिश समुद्रात ताहलेक्वा नावाच्या ऑर्का मादीचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या-एक तासात मेलं. ती त्याला 17 दिवस वाहत राहिली, साधारण 1,600 किलोमीटर. मी तो व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मावशीने लिहिलं, 'आईची जातच तशी असते.' खाली बदामांची रांग लागली. आईने मात्र काहीच टाकलं नाही.

तेव्हा ते वाक्य मला पटलं होतं. आता टोचतं. कारण नंतर मी ताहलेक्वाच्या समाजातल्या थोराड मुलांबद्दल वाचलं.

ऑर्का हा डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. मादी 17-18 महिने गाभण असते आणि एका वेळी एकच पिल्लू होतं. पुढे वर्षभर तरी ते आईच्या दुधावर असतं. सॅलिश समुद्रातल्या या ऑर्कांची संख्या आज 75च्या आसपास आहे, आणि त्यांच्यात ना मुलगा आईला सोडून जातो, ना मुलगी. मुलीला पुढे स्वतःची पिल्लं होतात. मुलगा आईपेक्षा आकाराने मोठा होतो, तरी तिच्या बाजूलाच पोहतो. आई चिनूक सॅल्मन पकडते, दातांनी त्याचे दोन तुकडे करते. एक स्वतः खाते, दुसरा मुलासाठी सोडते. 2012च्या एका अभ्यासात दिसलं की तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली, तर पुढच्या वर्षभरात तोही मरण्याचा धोका सुमारे 14 पट वाढतो.

मी 29 वर्षांचा आहे. नोकरी करतो, आईवडिलांकडे राहतो, डबा आई भरते. हे वाचून मला आधी, खरं सांगतो, बरंच वाटलं. म्हणजे मी आळशी नाही, निसर्गात असंच असतं!

मग 2023चा अभ्यास हाती लागला. 1982 ते 2021 या काळातल्या 40 माद्यांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. जगलेल्या प्रत्येक मुलामागे आईला नवं पिल्लू होऊन ते वर्षभर जगण्याची दरवर्षीची शक्यता जवळपास निम्मी होत होती. आणि मुलगा मोठा झाला म्हणून ही किंमत कमी होत नव्हती. म्हणजे तो अर्धा मासा फुकट येत नव्हता.

आईही बँकेत आहे. मी बारावीत असताना तिला ऑफिसरचं प्रमोशन मिळत होतं, पण बदली नाशिकला होती. तिने नाही म्हणून कळवलं. नंतर पुन्हा संधी आली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. तिसऱ्या वेळी तिने फॉर्मच भरला नाही. घरात यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. आई आहे, ती असंच करणार, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो.

अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने एक गोष्ट दाखवून दिली होती: जग कसं 'आहे' एवढ्यावरून ते कसं 'असायला हवं' हे ठरत नाही. ऑर्का आई अर्धा मासा देते, म्हणून माझ्या आईने नाशिक सोडावं असं होत नाही. इथवर सोपं आहे. मला अडतं ते पुढे. आपण त्यागाला 'आईची जात' म्हणतो तेव्हा कौतुक करतोय असं आपल्याला वाटतं. पण जात म्हटली की निर्णय उरत नाही. पाण्याने वाहावं तसं तिने दिलं, मग आभार कसले मानायचे? आणि तो जर तिचा निर्णय होता, तर तिच्यासमोर दुसरी वाटही होती. ती वाट मोकळी ठेवायला बाबा, ताई, मी काहीतरी करू शकलो असतो. 'जात' हा शब्द आम्हाला त्या प्रश्नातून सोडवतो.

कुणी म्हणेल, प्रेमात हिशेब कसला मांडतोस? मान्य, फेड करता येत नाही. पण हिशेब मांडू नये हे देणाऱ्याने म्हणावं. घेणाऱ्याने म्हटलं की ती सोय होते. ऑर्काच्या मुलाला आपल्यामुळे न जन्मलेलं भावंड दिसत नाही. त्याला दोष देता येणार नाही. मला मात्र दिसतं.

मागच्या रविवारी मी आईला हे सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"आणि मुलींचं काय?" तिने विचारलं.

"मुलींमुळे आईला तशी किंमत मोजावी लागलेली दिसली नाही."

ती हसली. "ताईला फोन करून सांग."

मग मी विचारलं, "आई, तुला तेव्हा नाशिकला जायचं होतं का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. "जायचं होतं," ती म्हणाली. "पण तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही."

सोमवारपासून डबा मी भरतो. ती काही फेड नाही. नाशिक आता परत येणार नाही. तिच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. त्या चार वर्षांत तिला काय करायचंय, हे मी अजून विचारतोय. तिला पटकन उत्तर देता येत नाही. असा प्रश्न विचारला जायची तिला सवयच नाही.