गाभाऱ्यातली नजर

भर दुपारी नाशिकच्या गंगापूर रोडवर, केटीएचएम महाविद्यालयाच्या आसपास, स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींकडे पाहावं. डोकं आणि तोंड सुती स्कार्फने गच्च गुंडाळलेलं, हातात लांब मोजे, उघडे फक्त डोळे. ऊन आणि धूळ ही कारणं खरीच आहेत. पण त्याच उन्हात, त्याच धुळीत शेजारचा मोटारसायकलवाला मुलगा उघड्या तोंडाने जातो. स्कार्फमधल्या मुलीला सगळं जग दिसतं, तिला मात्र कोणी ओळखत नाही. तेवढ्या आडोशाने तिला गावातून थोडं मोकळं फिरता येतं. मुलाला असा आडोसा कधी शोधावा लागत नाही.

कोणी कोणाकडे पाहायचं आणि कोणाच्या अटीवर, हा प्रश्न रस्त्यावरून देवळात गेला की अधिक टोकदार होतो. कारण देवळात माणूस जातो तोच मुळी पाहायला. देव डोळे भरून पाहावा आणि देवाचीही आपल्यावर नजर पडावी, एवढीच भाविकाची इच्छा असते. मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेत तिचे डोळे उघडण्याचा वेगळा विधी आहे, तो याचसाठी.

गंगापूर रोडपासून तीसेक किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरी २०१६ साली हा प्रश्न ऐरणीवर आला. निमित्त शनिशिंगणापूरचं: तिथे शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मज्जाव होता. त्याविरुद्ध स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्या विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की, पुरुष जिथे जाऊ शकतो त्या देवळात जाण्याचा स्त्रीलाही मूलभूत हक्क आहे. यासाठीचा कायदा महाराष्ट्रात १९५६ पासूनच होता. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात तोवर फक्त पुरुष जात. देवस्थानाने आधी पुरुषांनाही बंदी केली, मग काही दिवसांनी बायकांना सकाळी सहा ते सात असा तासभर प्रवेश देऊ केला. अट अशी, की अंगावर ओलं सुती किंवा रेशमी वस्त्र हवं.

देवस्थानाची बाजू सोवळ्याची होती. पुरुषही सोवळं नेसूनच आत जातात, मग बायकांना तोच नियम का नसावा? कागदावर यात समानता दिसते. पण ओलं लुगडं अंगाला चिकटलेली बाई त्या अरुंद गाभाऱ्यात उभी राहिली, तर तिचे हात पिंडीपुढे जोडले जातील की पदर सावरण्यात अडकतील? उघड्या अंगाच्या पुरुषाकडे तिथे कोणी वळून पाहत नाही. तिच्याकडे पाहिलं जाणार हे तिला ठाऊक असतं, आणि पाहणाऱ्यांनाही. इंग्रज लेखक जॉन बर्जर यांनी १९७२ साली युरोपीय चित्रांविषयी लिहिताना नेमकं हेच दाखवलं होतं: आपण कशा दिसतो यावर बाईला सतत स्वतःच पहारा ठेवावा लागतो. देवापुढे उभं राहिल्यावर तरी या पहाऱ्यातून सुटका व्हायला हवी. ओल्या वस्त्राची अट तो पहारा थेट गाभाऱ्यात नेते. तेव्हा बायकांनी या अटीला विरोध केला, तो अगदी योग्य होता. एप्रिल संपण्याआधी, विरोध सोसत, काही बायका गाभाऱ्यात गेल्या.

बाईच्या नजरेवरचा पहारा नाशिकला नवा नाही. शूर्पणखेने रामाला पाहिलं ते इथल्याच पंचवटीत, असं परंपरा सांगते. वाल्मीकींची शूर्पणखा आवडलेल्या पुरुषाकडे निःसंकोच पाहते आणि मनातलं बोलून टाकते. राम-लक्ष्मण तिची थट्टा करतात, ती चिडून सीतेवर धावते आणि नाक-कान गमावते. सीतेवर धावणं हा अपराधच. पण पिढ्यान्‌पिढ्या मुलींना ही कथा ऐकवताना जरब बसते ती आधीच्या धिटाईबद्दल. तपोवनात हा प्रसंग शिल्पातही दाखवला आहे.

तत्त्वज्ञानातही नजरेची वाटणी झालेली आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पाहणारा तो पुरुष, दिसणारी ती प्रकृती. प्रकृती नर्तकीसारखी स्वतःला दाखवते आणि निवृत्त होते. ती इतकी सुकुमार, की एकदा पाहिली गेल्यावर पुन्हा पुरुषाच्या नजरेस पडत नाही. इथला पुरुष म्हणजे चैतन्य, ते बाईच्या देहातही असतं, हे सांख्यांना मान्य आहे. तरी दृष्टान्त निवडताना प्रेक्षकाची जागा पुरुषाला आणि रंगमंच बाईला मिळाला.

त्याहून जुन्या बृहदारण्यक उपनिषदात मात्र वेगळंच घडतं. जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्याला प्रश्नांवर प्रश्न विचारते. फार विचारशील तर डोकं गळून पडेल, असं तो तिला बजावतो. ती गप्प होते, पण पुन्हा उठते. तेव्हा तो अक्षरतत्त्व उलगडतो: जे स्वतः कोणाला दिसत नाही आणि सगळं पाहतं, त्याच्यावाचून दुसरा पाहणारा नाही. हे सांगितलं गेलं एका बाईला, तेही तिने भर सभेत लावून धरलं म्हणून. बाईच्या नजरेला मर्यादा घालणाऱ्यांनी परंपरेचा हवाला देताना गार्गीलाही मोजलं पाहिजे.

आणि ही वाटणी फक्त बाई-पुरुषांची नव्हे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्याच काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा रामाला पाहण्याचा हक्क मागणाऱ्यांत दलित स्त्रियाही होत्या. दरवाजे बंद झाले, लढा पुढे काही वर्षं चालला. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी दलित स्त्रियांना सांगितलं होतं, की लुगडं इतर बायकांसारखं नेसा, जातीची ओळख पटवणारी राहणी टाका. देव कोणी पाहायचा हे जातीने ठरवलं होतं, तसंच पाहणाऱ्याच्या डोळ्याला कोणी कसं दिसायचं हेही.

म्हणून गाभाऱ्याचं दार उघडणं पुरेसं नाही. आत येणारीने काय नेसावं, किती वाजता यावं हे आजही बहुतेक ठिकाणी पुरुषच ठरवतात. देवस्थानांच्या विश्वस्तांनी निदान एवढं करावं: वस्त्राचा नियम करायचाच असेल, तर तो ज्यांच्या अंगावर येणार त्या बायकांना आधी बैठकीला बोलवावं.