नगराच्या पाण्याचा कारभारी

शास्त्रपाठ : 2 राजे 20:20, यशया 22:8-11, लूक 16:10



राजांची चरित्रे म्हटली म्हणजे लढाया, खंडणी व राजवाडे ह्यांचीच वर्णने आपण अपेक्षितो. परंतु हिज्कीया राजाचा वृत्तांत संपविताना शास्त्रलेखकाने त्याच्या पराक्रमाच्या जोडीस एक साधीशी गोष्ट नमूद केली आहे. ती ही की, नगरातील लोकांच्या पाण्याची त्याने सोय केली. यरुशलेमाचा गीहोन झरा तटाबाहेर होता. अश्शूरचा राजा सन्हेरीब ह्याने इ. स. पूर्वी 701 च्या सुमारास यहूदावर स्वारी केली, त्या वेळी ते पाणी शत्रूच्या हाती जाण्याचे भय होते. म्हणून डोंगराच्या पोटातून सुमारे 533 मीटर लांबीचे भुयार खोदून ते तटाच्या आत नेण्यात आले. दोन टोळ्या दोन्ही टोकांकडून खोदीत आल्या व मध्यभागी एकमेकींस भेटल्या. ह्याचा वृत्तांत कोरलेला लेख त्या भुयारात 1880 साली सापडला. त्या भुयारातून आजही पाणी वाहते.

ह्यावरून पहा, पाण्याचा कारभार हे देवाच्या दृष्टीने हलके काम नव्हे. जो मनुष्य नगराचे पाणी राखतो, त्याच्या हाती प्रत्येक घरातील तान्ह्या मुलाचा व म्हाताऱ्याचा प्राण असतो. ते त्याला ओळखीतही नाहीत; तरी सकाळी तांब्या भरताना त्याच्यावर विश्वास ठेवितात.

हा विश्वास मोडला म्हणजे काय होते, हे कॅनडा देशातील एका लहान नगराच्या कथेवरून समजेल. ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे 4,800 वस्तीचे गाव आहे. तेथील नळांस विहिरींचे पाणी येत असे. त्यांपैकी एक विहीर उथळ होती व तिच्याजवळ गुरांचे शेत होते. पाण्यात क्लोरीन पुरेसे घालावे, ते पाण्यात किती उरले आहे हे दररोज मोजावे व वहीत लिहावे, असा नेम होता. परंतु कामगार पुष्कळदा मोजीतच नसत, आणि वहीत मात्र 0.5 किंवा 0.75 असे ठरीव आकडे भरीत. क्लोरीनचा वास येतो म्हणून लोकही कुरकुर करीत, आणि कामगारांस वाटे की आपले पाणी मुळातच निर्मळ आहे. ते स्वतःही शुद्ध न केलेले पाणी पीत असत. पुष्कळ वर्षे काही बिघडले नाही.

मग 2000 सालच्या मे महिन्यात मुसळधार पाऊस पडला. शेतातील शेणखताची घाण जमिनीत मुरून त्या विहिरीत उतरली व तिच्याबरोबर ई. कोलाय नावाचे घातक जंतू पाण्यात शिरले. पाणी दूषित असल्याचा तपासणीचा कागद 17 मे रोजी व्यवस्थापकाच्या कचेरीत आला. लोक आजारी पडू लागले, तेव्हा आरोग्याधिकाऱ्यांनी त्यास विचारिले; त्याने पाणी चांगले आहे असे सांगितले व तो कागद दडविला. पाणी उकळून पिण्याची सूचना 21 मे रोजी निघाली, ती आरोग्याधिकाऱ्यांनी आपल्याच विचाराने काढिली. त्या गावात सुमारे 2,300 माणसे आजारी पडली व 7 जण मरण पावले.

पुढे सरकारने न्यायाधीशांकरवी चौकशी केली व 2002 साली अहवाल निघाला. शेतकऱ्याचा दोष नाही, असे त्यात ठरले. वरिष्ठ खात्याची देखरेख सैल होती व खर्चात काटछाट झाली होती, हेही उघड झाले. परंतु रोजच्या रोज क्लोरीन मोजिले असते तर अनर्थ पुष्कळ कमी झाला असता, असेही न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिले. मोजण्यास किती वेळ लागता? काही मिनिटे. थोडक्यात जो विश्वासू नाही तो पुष्कळातही विश्वासू नसतो, हा प्रभूचा बोध येथे किती भयंकर रीतीने खरा ठरला! त्या माणसांच्या मनात कोणास मारावे असे नव्हते. त्यांनी केवळ खोटा आकडा लिहिला. पण वहीतील खोट्या आकड्याने पाणी शुद्ध होत नाही.

आता दुसरी गोष्ट. पाणी निर्मळ असणे पुरेसे नाही. ते सर्वांस मिळाले पाहिजे. आपल्या कोकणातील महाड येथील नगरपालिकेने 1924 साली आपले चवदार तळे अस्पृश्य मानिलेल्या लोकांस खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावरच राहिला. 1927 च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्यांस मारहाण झाली. आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव फिरविला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास 1937 साल उजाडले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, पण माणसास मनाई होती. शोमरोनी स्त्रीजवळ ज्या प्रभूने स्वतः पाणी मागितले, त्याच्यापुढे असा कारभार कसा उभा राहील?

तर बंधूंनो, हे दूरदेशचे व गतकाळचे म्हणून सोडू नका. आज आपल्या खेड्यांतूनही नळपाणी योजना आहेत, आणि आपल्या मंडळीतील कोणी जलसुरक्षक असेल, कोणी पंचायतीचा सभासद. त्यास मी विचारितो : टीसीएल पूड विहिरीत खरोखर पडते, की वहीतच पडते? ती पूड उघड्यावर दमट जागी ठेवून निःसत्त्व तर झाली नाही ना? व्हॉल्व्ह सोडताना आपल्या भावकीच्या आळीस तासभर व टोकाच्या वस्तीस दहा मिनिटे, असे तर होत नाही ना? आणि जे कारभारी नाहीत त्यांसही विचारितो : पाणीपट्टी वेळेवर भरिता काय? पाण्याला औषधाचा वास आला म्हणून कामगारावर ओरडता काय? उपदेशक बंधूंनो, रविवारी हे प्रश्न मंडळीपुढे ठेवण्यास संकोच करू नका. तहानलेल्यास दिलेला थंड पाण्याचा प्याला प्रभू विसरत नाही. मग शेकडो प्याले ज्याच्या हातून भरतात, त्याच्या कामाची तो गणना करणार नाही काय?

शेवटी एक इशारा. यशया संदेष्ट्याने यरुशलेमकरांस दोष दिला, तो तळे बांधिल्याबद्दल नव्हे. त्यांनी तट व तळे ह्यांकडे पाहिले, पण ज्याने हे सर्व योजिले त्याच्याकडे पाहिले नाही, ह्याबद्दल होय. जो देवाकडे पाहतो तो कोणी पाहत नसतानाही मोजतो, कारण त्याची वही वर तपासली जाते हे तो जाणून असतो. तपासनीस महिन्याने येवो वा वर्षाने येवो, त्याचा आकडा खराच असतो. असे कारभारी प्रभू आपल्या गावोगावी उभे करो, आणि त्यांत आपली नावे असोत. आमेन.