कोणता फड?

सज्जनहो, आमच्या कोल्हापुरात 'फड' हा शब्द चार घरी नांदतो. मळ्यात उसाचा फड, खासबागेत कुस्त्यांचा फड, जत्रेत तमाशाचा फड, आणि पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचा फड. शब्द एक, अर्थ चार. ऐकणाऱ्याने घ्यावा कोणता?

प्रश्न जुना आहे. पाठशाळेत गुरुजींनी आम्हाला 'सैन्धव आण' हे वाक्य शिकवले. सैन्धव म्हणजे मीठ, आणि सिंधुदेशचा घोडाही. धनी जेवायला बसला असेल तर मीठ द्यावे, प्रवासाला निघाला असेल तर घोडा. याचे नाव 'प्रकरण'. राम-लक्ष्मण म्हटले की राम तो दाशरथीच, हे 'साहचर्य'. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अर्थ ठरवण्याच्या अशा अनेक खुणा सांगितल्या आहेत.

आता आमचा नातू गूगलला विचारतो. ते यंत्रही हेच करते. 'फड' शेजारी 'तोडणी' दिसली की ऊस, 'दिंडी' दिसली की वारकरी. अफाट मजकूर चाळून कोणता शब्द कोणाच्या संगतीत येतो, हे त्याने आकड्यांत मांडून ठेवलेले असते. 2019 साली गूगलने मागचेपुढचे शब्द एकत्र पाहण्याची 'बर्ट' नावाची रीत आणली, आणि वर्षअखेरीस ती मराठीसह सत्तराहून अधिक भाषांना लावली. शब्द एकटाच आला, तर विचारणारा कोणत्या गावचा, बहुतेकांना काय हवे असते, यावरून ते अंदाज बांधते. साहजिकच पुष्कळांचा अर्थ वर येतो, थोडक्यांचा खाली राहतो.

'यंत्राला काय कळतंय!' असे आम्ही म्हणत असू. पण त्याच 2019 च्या कार्तिकीआधी पंचगंगेकाठचा एक माळकरी आम्हाला वाटेत भेटला. म्हणाला, "बुवा, औंदा फड गेला की." आम्ही हसून म्हणालो, "मग काय झालं? उद्याची एस.टी. धरा, पंढरीत गाठ पडेल." त्याने हात जोडले आणि मुकाट्याने गेला. मागाहून कळले, ऑगस्टच्या महापुरात त्याचा उभा ऊस पाण्याखाली कुजला होता.

गळ्यातली माळ पाहून आम्ही आमच्या सवयीचा अर्थ घेतला. वास्तविक प्रकरण समोरच होते. त्या वर्षीचा पूर जिल्ह्यात कोणाला ठाऊक नव्हता? यंत्र निदान एका अर्थाखाली दुसरेही मांडते, निवड आपल्यावर सोडते. आम्ही एकच धरून मोकळे झालो.

नैयायिक 'तात्पर्य' म्हणतात, ते बोलणाऱ्याच्या मनातले. यंत्राला त्याचा तर्कच करावा लागतो. त्या माळकऱ्याचा चेहरा आमच्यासमोर होता, तोंडात जीभ होती. "कोणता फड, बाबा?" एवढेच विचारायचे होते. तेवढे विचारले असते, तर त्याचे दुःख त्याच्याजवळ परत गेले नसते.

म्हणून सज्जनहो, दुसऱ्याच्या शब्दाला अर्थ लावण्याआधी एकदा त्यालाच पुसावे. आम्ही आता पुसतो.