निर्वंशांचे ऋण

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी तर्पण होते. देव, ऋषी, पितर यांना भरल्या ओंजळी दिल्या की शेवटी ओला पंचा पिळायचा असतो. ते पिळाचे पाणी कुळातल्या निपुत्रिकांसाठी. लहानपणापासून हा विधी मी पाहत आलो. पण त्यात काही खटकण्यासारखे आहे हे ध्यानात यायला घरातलेच एक माणूस जावे लागले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने आमच्या घरातल्या दोघांना एकाच आठवड्यात गाठले. एक मी; दुसरा माझा चुलतभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, लग्न न केलेला, रोज पहाटे टेकडी चढून येणारा. मी चार दिवस तापात पडून उठलो. तो उठला नाही. पुढे भेटायला येणाऱ्यांपाशी मी म्हणू लागलो, 'आमची हाडे जुनी, कोकणातल्या पेजेवर वाढलेली. आताच्या पोरांत ती ताकद कुठून असणार?' एकदा हे बोलत असताना काकू, म्हणजे त्याची आई, चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती काही बोलली नाही. कप ठेवून आत गेली.

वाचल्याचे श्रेय माणसाला घ्यावेसे वाटते. आणि ते घेतले की मेलेल्याच्या पदरी आपोआप दोष पडतो. त्या वाक्याची लाज मला कोणा संताच्या वचनाने नव्हे, शास्त्राने शिकवली. २०२० साली ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो या संशोधकांनी दाखवून दिले की, या रोगात प्रकृती गंभीर होण्याचा धोका वाढवणारा आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा आपल्याला निअँडरथल मानवांकडून मिळाला आहे. क्रोएशियातल्या विंदिया गुहेत सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथलाची हाडे सापडली. त्यांतल्या लिपीशी हा तुकडा अगदी मिळताजुळता आहे. युरोपात शंभरांतली सुमारे सोळा माणसे तो बाळगतात, आपल्या दक्षिण आशियात सुमारे पन्नास. पुढच्या वर्षी याच दोघांनी दुसरा तुकडा दाखवला. तोही निअँडरथलांचाच, पण याच रोगात माणसाला जपणारा! आणि २०२२ साली झेबर्ग यांना आढळले की, तो पहिला धोक्याचा तुकडा ज्यांच्यात आहे त्यांना एच.आय.व्ही.ची लागण होण्याचा संभव सुमारे २७ टक्क्यांनी कमी असतो. आता या तुकड्याला चांगला म्हणायचे की वाईट? वय, इतर व्याधी यांचा वाटा आहेच. पण एका साथीतले बळ दुसऱ्या साथीत दौर्बल्य ठरते, आणि कोणती साथ कोणाच्या वाट्याला यावी हे कोणाच्याच हाती नाही. आमच्या पेजेचा या सगळ्यात कुठेही उल्लेख नाही.

मला अधिक अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. वाचलेल्यांनी आपली प्रतिकारशक्ती पुढच्या पिढीला दिली असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. एखादा उपकारक तुकडा साथ येण्यापूर्वीही काहींच्या अंगात असतो. कदाचित हजारांत दोघांच्या. साथीनंतर तो अधिकांत दिसू लागतो. यासाठी वाचलेल्यांनी काय केले? काहीच नाही. ते फक्त जगले. त्यांचे प्रमाण वाढले ते बाकीचे मेले म्हणून. पाथरवट दगडाच्या ज्या कपच्या उडवतो त्यांनीच मूर्तीला आकार येतो, पण कपच्यांना कोणी हळदकुंकू वाहत नाही.

निअँडरथल सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले. त्यांना आपण निर्वंश समजत होतो. ते तर आपल्याच देहात निघाले. खरे निर्वंश ते, जे अशा साथींत मूलबाळ होण्याआधीच गेले. ते कोणाचेच पूर्वज नाहीत. तरीही माझ्या देहाच्या घडणीत त्यांच्या मरणाचा हात आहे.

कोणी म्हणेल, त्यांनी जाणूनबुजून काही दिले नाही, मग ऋण कसले? आक्षेप वजनदार आहे. हेतूवाचून उपकार नाही, असे मीही मानत आलो. पण ज्या पणजोबांना मी भरली ओंजळ देतो, त्यांनी तरी माझ्याकडे पाहून संसार कुठे केला होता? त्यांचा हेतू मी विचारत नाही. मग या निपुत्रिकांचाच का विचारावा?

गेल्या सर्वपित्रीला मी गुरुजींना म्हटले, 'भावासाठी ओंजळीने पाणी दिले तर चालेल का?' ते भले गृहस्थ. थोडे थांबून म्हणाले, 'अहो, ज्यांना कोणी नाही त्यांना वस्त्राचेच पाणी. पद्धत तशी आहे.' मी पंचा पिळला. जुना, जाड सुताचा. पाणी पुष्कळ निघाले. काकू ओटीवर बसून पाहत होती.

'पुन्हा बुडव रे,' ती म्हणाली.

मी पंचा पुन्हा बादलीत बुडवला.