परजीवी कृमी आणि पहिले शील



आपली मुले इथल्या विद्यापीठांत जीवशास्त्र शिकू लागली की एक प्रश्न घरात येतो: संशोधनासाठी जीव मारला तर पहिले शील मोडते का? एक उदाहरण घेऊन विचार करूया.

शिस्टोसोमा हा चपटा कृमी माणसाच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून त्याच्या अळ्या बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना यावर प्रतिबंधक उपचारांची गरज होती. त्यातले बहुतेक आफ्रिकेतले. मुख्य औषध एकच, प्राझिक्वांटेल. तेही कोवळ्या कृमींवर नीट चालत नाही.

म्हणून संशोधक हा कृमी काचेच्या बशीत, पोषक द्रवात जगवतात आणि तो ऊर्जा कशी मिळवतो ते पाहतात. तो रक्तातली साखर भराभर वापरतो. कोलेस्टेरॉल त्याला स्वतः बनवता येत नाही, ते तो आपल्याकडून घेतो. अशा परावलंबनातच नव्या औषधाची वाट सापडू शकते. २०१९ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी द्रवात क जीवनसत्त्व, तांबड्या रक्तपेशी आणि कोलेस्टेरॉल घातले, तेव्हा बशीतल्या माद्या दीर्घकाळ अंडी घालत राहिल्या. शरीरात अडकलेली हीच अंडी रोगाचे मूळ असतात.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. जंताची गोळी घेणाऱ्या मुलाने शील मोडले असे आपण म्हणत नाही. पण बशीतले प्रौढ कृमी येतात कुठून? बहुधा मुद्दाम संसर्ग दिलेल्या उंदरांच्या किंवा हॅमस्टरच्या शरीरातून. ते काढताना हे प्राणी मारले जातात. त्या उंदराने कोणालाही आजारी पाडलेले नसते. शीलाची खरी कसोटी इथे लागते.

‘गरज’ हा शब्द फार सोयीचा आहे, म्हणून ती दरवेळी सिद्ध करावी लागते. दुसरा मार्ग आहे का? कमी प्राण्यांत भागेल का? त्यांच्या वेदना कमी करता येतील का? कृमी बशीत जितका जास्त टिकेल, तितके एका उंदरापासून जास्त शिकता येईल. स्वच्छ पाणी आणि शौचालये मिळाली, तर रोगाचा प्रसारच घटेल. पाण्यासाठी महाडला सत्याग्रह केलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा मुलांनी विचारले तर ‘चालते’ किंवा ‘पाप आहे’ एवढ्यावर विषय मिटवू नका. हे तीन प्रश्न त्यांच्या हाती द्या आणि प्रयोगशाळेतही ते विचारायला सांगा.

भवतु सब्ब मंगलं.